थिबा राजाची नात

चपला काढून हातात घ्या. पडाव किनाऱ्याला पुरता लागत नाही, त्यामुळे नीट बघायचं तर गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागणार. वाळू अशी तापली आहे की पाण्यात उतरल्यावर तुम्हाला बरंच वाटेल.

साल १८८६. एप्रिल अर्धा सरलाय. रत्नागिरीचं बंदर, आणि दिवस आंब्याचे. मुंबईला जायच्या करंड्या एकीवर एक रचून ठेवल्यात. त्यांतल्या पेंढ्यातून पिकत आलेल्या हापूसचा वास येतो आणि त्याच वाऱ्यावर दांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांचाही. इथल्या नाकांना दोन्ही एकदम घ्यायची सवय आहे, घटकाभरात तुमच्याही नाकाला होईल. मागून कुणीतरी कोपर मारतं. मारू द्या. मात्र जागा सोडू नका, कारण आज अख्खा गाव किनाऱ्यावर आलाय. माडांवर चढलेली पोरं वरून ओरडून सांगतायत की बोटीवरून माणसं खाली उतरायला लागली.

"राजा आणतायत म्हणं."

"कुठला?"

"बर्म्याचा. मोठा राजा होता म्हणं."

"मग हिकडं कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर किनाऱ्यावर कुणाकडेच नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण गप्प बसा. रत्नागिरीला रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटही नाही. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. ज्याला लोकांच्या नजरेआड आणि आठवणीआड ठेवायचंय, त्याच्यासाठी इंग्रज सरकारला यापेक्षा सोयीचं गाव मिळालं नसतं.

खोल पाण्यात उभ्या असलेल्या 'क्लाइव्ह' जहाजावरून पडाव हेलकावत येतो. त्यात बसलेला तो तरुण, रेशमी वस्त्रातला, तो थिबा. वय सत्तावीस. गेल्या नोव्हेंबरात इंग्रजांनी राज्य जिंकून मंडालेच्या राजवाड्यातून त्याला बैलगाडीत बसवून नदीवर नेलं, तिथून आगबोटीनं रंगूनला, मग मद्रासला, आणि आता इथं. शेजारी राणी सुपयालत. मद्रासला जन्मलेली मुलगी अजून काही आठवड्यांचीच आहे. राणीची धाकटी बहीणही सोबत आहे, तीही राजाचीच राणी. बोचकी, पेट्या, दासी. किनाऱ्यावरचा गलका एकाएकी थांबतो आणि पाण्याचा आवाज ऐकू यायला लागतो.

राजाकडे सगळे बघतायत. तुम्ही त्याच्या पलीकडे बघा. पाच वर्षांची एक मुलगी दासीला बिलगून बसलीय. ती थोरली राजकन्या, फाया ग्यी. राजाराणीचा मुलगा मंडालेला देवी येऊन गेला. सिंहासन राहिलं असतं, तर त्याच्या वारसाचा विचार या पोरीपासून सुरू झाला असता. उन्हानं तिनं डोळे बारीक केलेत. समोरच्या माडांवरच्या पोरांकडे ती टक लावून बघतेय. तिला नीट ओळखून ठेवा, आपण आलोय ते हिच्यासाठी.

आता पंधराएक वर्षं पुढे चला. पावसाळा आहे, तेव्हा तयारीनं या.

सर जेम्स आउट्राम यांच्या नावानं ओळखला जाणारा बंगला. मृग लागून दिवस झाले, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आडव्या सरी आत येऊ नयेत म्हणून बाहेरच्या बाजूनं झावळांचे झाप बांधलेत, त्यामुळे भरदुपारी आत दिवेलागणीचा उजेड. भिंतींना ओल, कपड्यांना बुरशीचा वास, पेटीत ठेवलेल्या रेशमावर पांढुरके डाग. ब्रह्मदेशातही पाऊस धो धो पडतो, त्यामुळे पावसाचं कुणाला नवल नाही. पण बोटी बंद आहेत. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडून काहीही येणार नाही. डाक येईल ती घाटातून, भिजून, उशिरा.

तुम्हाला नोकरी मिळालीय असं समजा. आधी स्वयंपाकघरात जा, तिथं ऊब आहे. चुलीवर भात, आणि कोपऱ्यातल्या बरणीतून असा काही उग्र भपका येतोय की बाहेरचा माणूस उलट्या पावली परत फिरेल. ब्रह्मी माणसाला जेवणात ङापी लागते, आंबवून कुटलेली मासळी. इथं कामाला असलेली कोकणी बाई मात्र नाक मुरडत नाही. जवळा आणि सुकट यांच्या वासात ती लहानाची मोठी झाली, तिला त्यात परकं काय वाटणार? डुकराचं मांस शिजतं तेव्हा मात्र ती पडवीत जाऊन उभी राहते. राजाला ते मनापासून आवडतं. रोज लागतं.

तबक हातात घेतलंत? आता गुडघ्यांवर या. खरंच सांगतोय. राजाच्या खोलीत उभं राहून चालायचं नाही. दारापासून गुडघ्यांवर सरकत जायचं, डोकं खाली, पाय मागे दुमडलेले. तळवा चुकूनही राजाकडे व्हायला नको. तबक ठेवायचं, हात जोडून कपाळ जमिनीला टेकवायचं आणि पाठ न दाखवता तसंच सरकत मागे यायचं. पहिल्या दिवशी गुडघे सोलून निघतात. चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर शिकतं. गंमत अशी, की या खोलीबाहेर पाच पावलांवर पोलीस उभा असतो आणि तो बुटांसकट ताठ उभा असतो. आतला राजा आणि बाहेरचा कैदी यांच्यामध्ये एक उंबरठा आहे, आणि तुम्ही तो दिवसातून वीस वेळा गुडघ्यांवर ओलांडता.

राजा काय करतो? बसतो. हे वाचायला सोपं आहे, म्हणून तिथं थोडा वेळ थांबाच. सकाळी उठून पाठ म्हणतो. राजा होण्यापूर्वी तो बौद्ध मठात शिकत होता, पालीची अवघड परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस तो. त्याचा पाठ पावसाच्या आवाजावर तरंगत स्वयंपाकघरापर्यंत येतो. मग पान. मग जेवण. मग पान. मग कारभाऱ्याला बोलावून एक अर्ज लिहायला सांगतो.

अर्ज कशाचा असतो हे घरातल्या पोराबाळांनाही पाठ आहे. तनखा पुरत नाही, वाढवावा. आणि माझं माणिक परत द्यावं. ङा मौक नावाचं ते माणिक ब्रह्मदेशच्या राजांच्या खजिन्यातलं सर्वांत मौल्यवान रत्न. मंडाले सोडायच्या वेळी इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडन यांनी ते सांभाळायला म्हणून घेतलं आणि परत दिलं नाही, हे राजाचं म्हणणं. स्लेडन १८९० मध्ये वारले, तरी अर्ज थांबले नाहीत. अर्ज कलेक्टरकडे जातो, कलेक्टरकडून मुंबईला, मुंबईहून आणखी वर. उत्तर यायला महिने लागतात आणि उत्तरात काही नसतं. तेवढ्यात राजानं पुढचा अर्ज सांगितलेला असतो. मला त्या अर्जांचा कंटाळा येत नाही. ज्याच्या आयुष्यात दुसरं कुठलंच काम उरू दिलं नाही, त्यानं स्वतःसाठी शोधलेलं ते काम होतं.

पैशाचं मात्र अवघड आहे. बरोबर आणलेल्या डब्यांतली माणकं एकेक करून गावात जातात. आज सराफ आलाय. तुम्ही त्याला दिवा धरा. ओसरीवर बसून तो खडा चिमटीत धरतो, फिरवतो, पुन्हा फिरवतो. दिव्याच्या उजेडात त्याच्या बोटांवर लाल थेंब पडल्याचा भास होतो. तो किंमत सांगतो. किंमत कमी आहे हे त्याला कळतं, तुम्हाला कळतं, आत पडद्याआड बसलेल्या राणीलाही कळतं. घासाघीस करायची तर राजानं सराफासमोर येऊन बसायला हवं, आणि ते घडणार नाही. खडा जातो. त्या पैशात वाण्याची, कापडवाल्याची थोडी थोडी उधारी फिटते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढू लागते. मुलींच्या कान टोचण्याचा सोहळा मात्र साधेपणानं उरकायला आईबाप तयार नाहीत. ब्रह्मी राजघराण्यात तो मुलीच्या आयुष्यातला मोठा दिवस. तो राजाला शोभेल असाच व्हायला हवा.

मुलींकडे चला आता. त्या चार. धाकटी तर १८८७ मध्ये इथं रत्नागिरीतच जन्मली, तिनं ब्रह्मदेश पाहिलेलाच नाही. मागच्या खोलीत दासी सहाणेसारख्या दगडावर थनाखाचं साल पाण्याबरोबर उगाळतेय. पिवळसर, गार, मंद सुगंधी लेप. तो गालांवर लावतात. तुमच्याही मनगटावर थोडा लावून बघा. या उकाड्यात हाच काय तो गारवा. शाळा नाही. बाहेर मोकळं जाणं नाही. जे शिकल्या ते आईकडून आणि नोकरमाणसांकडून, आणि नोकरमाणसं इथली, त्यामुळे मराठी त्यांच्या कानांवरून जिभेवर कधी आली हे आईबापांनाही कळलं नाही. पलीकडच्या खोलीत पालीतला पाठ आणि इथं 'काय गो' नि 'नाय गो'.

थोरली आता विशीत आहे. तिच्या लग्नाचं कुणी बोलायला लागलं की खोली गप्प होते. राजाचा आणि राणीचा आग्रह एकच, जावई राजरक्ताचा हवा. तसा मिळत नाही, आणि का मिळत नाही हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. थिबा गादीवर आला तेव्हा मंडालेत राजघराण्यातली सत्तर-ऐंशी माणसं मारली गेली. त्याचे सावत्र भाऊ, बहिणी, त्यांची मुलं. आदेश कुणाचा यावर वाद घालता येईल, पण ते झालं त्याच्या राज्यात आणि त्याच्या गादीसाठी. या मुलींचे नवरे ज्या घरांतून यायचे, ती घरं तेव्हाच ओस पडली होती. उरलेल्यांतली नावं सरकारनं पुढे केली, तर ती बापानं नाकारली. राजाबद्दल मला कणव वाटते, पण या मागच्या खोलीत बसल्यावर ती कणव त्याच्यावरून सरकून या पोरींवर जाऊन थांबते. तेहतीस वर्षं पाऊस बघत बसण्याची शिक्षा त्यांना कुठल्या गुन्ह्याची?

पाऊस उघडलाय. थोरली झाप बाजूला सारून बाहेर बघते. फाटकावर गोपाळ सावंत उभा आहे. नोकरीला लागलेला इथलाच माणूस, फाटकावर पहाऱ्याला असतो. त्याच्या घरी बायको आहे. इथून पुढे तुम्ही काही बघू नका. नजर वळवा, सुपाऱ्या कातरायला घ्या. बंगल्यातल्या दासींनी जे पाहिलं आणि पोटात ठेवलं, ते तुम्हीही ठेवा. १९०६ मध्ये थोरल्या राजकन्येला मुलगी होते. सापडलेल्या जावयात राजरक्त सोडाच, तो आपल्याच फाटकावरचा नोकर. घरात काय वादळ झालं असेल याची कल्पना तुम्हीच करा. राणी सुपयालतचा राग मंडालेपासून प्रसिद्ध होता. मुलीचं नाव टूटू.

१९१० च्या नोव्हेंबरात बिऱ्हाड हलतं. खाडीवरच्या टेकाडावर सरकारनं सव्वा लाखाच्या वर खर्च करून नवा वाडा बांधलाय. थोडा वेळ भटका त्यात, मजा येईल. लाल भिंती, उतरती छपरं, कमानीच्या खिडक्या, त्यांत रंगीत काचा. सकाळी फरशीवर निळे-तांबडे तुकडे पडतात आणि चार वर्षांची टूटू त्यांवरून उड्या मारत जाते. नव्या चुन्याचा, रंगाचा वास. पण जिन्याच्या कठड्याला नाक लावा. लाकूड ब्रह्मदेशी सागाचं आहे. राजा वर जाताना कठड्यावरून हात फिरवत जात असेल का? मी तरी गेलो असतो.

वरच्या सज्जात या. खाली भाट्याची खाडी, काजळी नदीचं पाणी समुद्राला मिळतंय, मचवे परततायत, ओरडून एकमेकांना भाव विचारतायत. राजा दुर्बीण घेऊन इथं बसायचा असं रत्नागिरीत अजून सांगतात. संध्याकाळ झाली की सूर्य थेट समुद्रात उतरतो. सगळे त्याकडे बघतात, तुम्हीही बघाल, तेव्हा एक ध्यानात घ्या. हा समुद्र अरबी. याच्या पलीकडे आफ्रिका आहे. ब्रह्मदेश पाठीमागे, पूर्वेला, सह्याद्रीच्या आणि अख्ख्या हिंदुस्थानच्या पलीकडे. आयुष्यभर ज्या पाण्याकडे बघत बसावं लागलं, त्या पाण्यावरून त्याच्या देशाला सरळ वाटच नव्हती.

पुढचं भरभर सांगतो, कारण तिथं रेंगाळण्यासारखं काही नाही. धाकटी राणी १९१२ मध्ये गेली, राजा १९१६ च्या डिसेंबरात. देह मायदेशी न्यायचे म्हणून घरच्यांनी पेट्या तशाच राखून ठेवल्या. सरकारनं परवानगी दिली नाही आणि १९१९ मध्ये राणीच्या मनाविरुद्ध दोघांची समाधी रत्नागिरीतच बांधली. त्याआधी दुसरी राजकन्या मनाजोगत्या माणसाशी लग्न करण्यासाठी घर सोडून कलेक्टरच्या बंगल्यावर निघून गेली होती. उरलेल्यांना त्याच वर्षी रंगूनला परतायची मोकळीक मिळाली.

आता पुन्हा बंदरावर चला आणि पुन्हा पाण्यात उभे राहा. सरकारनं दार उघडलं होतं. तेहतीस वर्षांनी थोरली राजकन्या मायदेशी गेली. तिथं आई होती, बहीण होती, तिची भाषा होती, तिला बघून हात जोडणारी माणसं होती. आणि थोड्याच काळात ती तेराचौदा वर्षांच्या टूटूला घेऊन परत आली. स्वतःहून. रत्नागिरीला. गोपाळ सावंतकडे. पडावातून उतरणाऱ्या या बाईला बघायला आज गर्दी नाही. माडावर पोरं नाहीत. हमाल करंड्या उचलतायत आणि तिला बाजूला व्हायला सांगतायत.

ही गोष्ट सांगणारे इथं जीभ चुकचुकतात. फसली बिचारी, म्हणतात. पुढे हाल झाले हे खरं. तिच्या तनख्यातलं तिच्या हाती फारसं पडलं नाही आणि १९४७ मध्ये ती गरिबीतच गेली. पण पाच वर्षांची असताना तिला इथं आणलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. या वेळी ती आपल्या पायांनी उतरली. वारस म्हणून नाही, बाई म्हणून तिनं केलेली ही निवड, आणि ती निवड होती एवढं तरी आपण मानायला हवं.

शेवटचा मुक्काम. साल कुठलंही धरा, पन्नासचं, साठचं. रत्नागिरीतलं एक साधं घर. वाकून आत या, नाहीतर पाख्याला डोकं लागेल. अंगणात ओल्या शेणाचा वास आणि उन्हात थापलेल्या शेणींच्या ओळी. त्या थापणारी बाई नऊवारीत आहे, कोपरापर्यंत हात भरलेले. ती वर बघते. गालांची हाडं, डोळ्यांची ठेवण मंडालेची आहे. तोंड उघडते ते रत्नागिरीच्या बोलीत, तुम्हाला ओटीवर बसायला सांगते आणि कुणाला तरी पाणी आणायला हाक मारते. एकाच्या जागी चार पोरं धावत येतात.

हीच टूटू. नवरा मोटारीचं काम करणारा. घर पोरांनी भरलेलं. त्यांतली सगळी तिची नाहीत. ज्यांना कुणी नाही अशी पोरं ती घरी आणते आणि वाढवते. गणिताच्या नादी लागू नका, आमटी पातळ होते आणि सगळ्यांना पुरते. कुणी गुडघ्यांवर सरकत नाही. एक पोरगं तिच्या पाठीवर लोंबकळतंय, दुसऱ्याला ती शेणाच्या हातानं दटावतेय. माजघरात रंगीत कागदाच्या चळती, कात्री, दोरा. कागदी फुलं करून ती विकते. तुम्ही रिकामे बसलात तर तुमच्याही हातात कागद येईल. पाकळी कापताना तो दुमडायचा, मध्ये चिमटीनं चुरगाळायचा, मग कडा अंगठ्यानं वळवायच्या. तुमचं पहिलं फूल बिघडेल. ती ते उलगडून पुन्हा तुमच्या हातात देईल.

राजाची नात शेणी थापते, असं म्हणून लोक हळहळतात. मी इथं बसून हळहळू शकत नाही. आजोबा या गावात तीस वर्षं राहिला आणि अखेरपर्यंत परका राहिला. आजीनं हे गाव कधी आपलं मानलं नाही. आईनं ते निवडलं आणि त्याची किंमत मोजली. टूटूला मात्र परकेपण कशाला म्हणतात तेच ठाऊक नाही. पाऊस आला की शेणी आत घ्यायच्या, बाजाराच्या दिवशी फुलं न्यायची, आंब्याच्या दिवसांत पोरांना आंबे. ती कुठूनही हद्दपार झालेली नाही. ती आपल्या गावात आहे.

२००० सालच्या ऑक्टोबरात ती गेली, नव्वदी ओलांडून. म्हणजे त्याआधी कधी गणपतीपुळ्याला जाताना, आंबे आणायला किंवा कुणाच्या लग्नाला तुम्ही रत्नागिरीत उतरला असाल, तर तिला भेटायला एवढी उलटी मजल मारायचं कारणच नव्हतं. नाक्यावर कुणालाही थिबा राजाच्या नातीचं घर विचारलं असतं, तर त्यानं हात करून दाखवलं असतं.